पाच नावांचं एक घर

तात्याराव गुरुजींना राग यायला कारण लागत नाही, हे बिदरच्या मैलूर भागात कुणालाही विचारा. पण टीव्हीवरच्या त्या खेळाचा राग मात्र सकारण होता, असं आमचंही मत आहे. ‘सौ में से कितने’ असं त्याचं नाव. मूळ खेळ कुठल्या तरी परदेशातला. तिकडं चालून चालून शिळा झाला, मग आपल्याकडं आणून त्याला फेटा बांधला, सूत्रधाराला शेरवानी घातली आणि झाला राष्ट्रीय कार्यक्रम. एका घरातले पाच जण उभे करायचे आणि प्रश्न विचारायचा. उत्तर खरं की खोटं हे तिथं कुणी बघतच नाही. देशातल्या शंभर लोकांना तोच प्रश्न आधी विचारून ठेवलेला असतो, आणि त्यातले जास्तीत जास्त लोक काय म्हणाले ते तुम्ही ओळखायचं. जितक्या तोंडांनी ते उत्तर दिलं असेल, तितके तुमचे गुण.

आता सांगा, ज्या माणसाने छत्तीस वर्षं मंठाळच्या शाळेत पोरांना बरोबर आणि चूक शिकवलं, त्याने हे बघून कसं गप्प बसावं? एकदा प्रश्न आला, ‘पाणी कुठून येतं?’ गुरुजी खुर्चीतून अर्धे उठून म्हणाले, "पावसापासून." पाऊस म्हणणारे निघाले नऊ. नळ म्हणणारे एकसष्ट, आणि दुसऱ्या नंबरावर टँकर. गुरुजींनी रिमोट आपटला. त्यातले सेल कपाटाखाली गेले, ते काढायला सून राजश्री झाडू घेऊन आली, तोवर गुरुजींचं जलचक्रावर व्याख्यान सुरू झालं होतं.

"अण्णा, खरं काय ते त्यांनी विचारलंच न्हाई," पंचशीला म्हणाली. "लोक काय म्हणतेत, ते विचारलंय."

ही पंचशीला म्हणजे गुरुजींची धाकटी आणि एकुलती एक बहीण. आळंदला चौतीस वर्षं नर्स होती. नवरा गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर भावाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून तिने घर घेतलं, आणि रोज संध्याकाळी चहाला ती इथंच. गुरुजी पाऊस म्हणत होते तेव्हा ती बशीत चहा ओतता ओतता हळूच ‘नळ’ म्हणाली होती. ती नेहमीच असं काहीतरी हळूच म्हणायची आणि नेहमीच ते पहिल्या नंबरावर निघायचं. वॉर्डात शेकडो लोकांचं कण्हणं, कुरकुरणं आणि गप्पा ऐकलेली बाई ती. लोक काय म्हणतात हे तिला ठावं नसेल तर कुणाला असेल?

राजश्रीनं गंमत म्हणून मोबाईलवर अर्ज भरला. महिन्याभरानं मुंबईहून फोनवर परीक्षा झाली, तीत गुरुजींनी तीन उत्तरं दिली आणि तीनही वाया गेली, पंचशीलानं पाच दिली आणि पाचही लागली. घर निवडलं गेलं. गुरुजी कप्तान, त्यांच्या पत्नी सुभद्राबाई, मुलगा रत्नपाल, सून राजश्री आणि बहीण पंचशीला, असे पाच जण. कप्तानपद वयानं मिळालं, ह्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

पंचशीलाला मात्र वेगळाच हुरूप आला. तिने दोनशे पानी वही घेतली आणि बसम्माच्या पिठाच्या गिरणीवर जाऊन दळण घेऊन आलेल्या एकेका बाईला प्रश्न विचारायला लागली. घरातून बाहेर पडताना काय विसरता? पाहुणा लवकर जावा म्हणून काय करता? उत्तरं लिहायची, रेघा मारायची, बेरजा करायची. गुरुजींनी थट्टा केली तेव्हा ती म्हणाली, "चौतीस वर्षं डाक्टर विचारायचे आणि मी लिवून घ्यायचे. आता कुणीतरी मला विचारणार हाय, अण्णा. ऱ्हाऊ द्या की मला जरा."

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग मुंबईहून त्या पोरीचा फोन आला.

"सर, तुमचे आधार कार्ड बघितले. हे पाच वेगवेगळ्या घरांतले लोक वाटतायत."

आता ह्या पोरीला आमच्या सीमाभागाची नावं कशी कळावीत? मराठी माणसाला आडनाव लागतं आणि कर्नाटकाच्या कागदाला बापाचं नाव, आणि दोघांच्या भांडणात ज्याच्या हाती जे लागलं ते त्याच्या कार्डावर छापलं गेलं. गुरुजींच्या कार्डावर नुसतं ‘तात्याराव’, मागं डोंगरे हे आडनाव नाही की पुढं काही नाही. बायकोच्या कार्डावर ‘सुभद्राबाई गंड तात्याराव’. गंड म्हणजे कन्नडमध्ये नवरा, पण मुंबईच्या पोरीनं ते बाईंचं आडनाव समजून घेतलं. मुलगा ‘रत्नपाल टी.’ सून उदगीरची, तिचं माहेरचं ‘सूर्यवंशी’ अजून तसंच. आणि बहीण सासरच्या नावानं ‘पंचशीला एस. सोनकांबळे’.

"मागच्या वेळी एका बिल्डिंगमधले पाच शेजारी एक घर म्हणून आले होते, सर. त्यामुळे आता सरकारी पुरावा लागतो. तुमच्याकडे वंशवृक्ष मिळतो ना कचेरीत? तो पाठवा. पाचही नावं त्यात दिसली पाहिजेत."

गुरुजींनी फोन ठेवला आणि तिथून पुढं ते जे बोलले ते आम्ही लिहीत नाही. घरच्यांना वाटलं, नेहमीचा राग. सुभद्राबाईंना तेवढं कळलं की हा नेहमीचा नाही.

काय होतं ते सांगून टाकतो, लपवाछपवी करण्यात अर्थ नाही. गुरुजींचे वडील धोंडिबा शहाण्णव साली वारले. मंठाळला त्यांचं शेत होतं, विहिरीजवळचं, तुरीचं. ते नावावर करून घ्यायला वंशवृक्ष लागला. तलाठ्यानं विचारलं, "मुली किती?" गुरुजी क्षणभर थांबले. तलाठी म्हणाला, बहीण दाखवली तर तिची सही आणा, आळंदला जा, या, महिने जातील, सगळे लोक ‘नाहीत’ असंच लिहितात. गुरुजींनी लिहिलं, नाहीत. खाली सही केली. बहिणीला नोकरी आहे, तिला शेताचं काय करायचंय, अशी स्वतःची समजूत घातली आणि ती समजूत इतकी घट्ट बसली की दरसाल चौदा एप्रिलला मैलूरच्या विहारात बाईच्या वारसाहक्कावर पाऊण तास भाषण करतानाही ती हलली नाही.

म्हणजे पंचशीलाचं नाव ज्या कागदात दिसल्याशिवाय तिला मुंबईला जाता येणार नव्हतं, त्याच कागदात तिच्या भावानं ती जन्मलीच नाही असं लिहून ठेवलं होतं. नवा वंशवृक्ष मागावा तर कचेरी आधी जुना काढणार. आता एकच उपाय, तो कागद सोडून बाकी कुठलाही कागद चालवून घ्यायचा.

गुरुजी कामाला लागले. आधी रेशनकार्ड पाठवलं. त्यात चारच नावं. मग रत्नपालच्या लग्नातला फोटो पाठवला. पोरगी म्हणाली, सर, ह्यात तर चाळीस लोक आहेत आणि एक घोडा आहे. मग त्याच लग्नाची पत्रिका पाठवली, तीत ‘आत्या : पंचशीला’ असं ठळक छापलेलं. पोरगी म्हणाली, ही तुम्हीच छापलीय. गुरुजी चिडले, "मग काय सरकारनं छापायची होती लग्नपत्रिका?" मग प्रतिज्ञापत्र करायला वकिलाकडं गेले. वकिलानं टंकून दिलं आणि शेवटी म्हणाला, सोबत वंशवृक्ष जोडा. गुरुजींनी वकिलाशी भांडण काढलं. मग मंठाळच्या पंचायतीत गेले, तिथला सचिव त्यांचाच विद्यार्थी. त्यानं खुर्ची पुसली, चहा मागवला, पाया पडला आणि म्हणाला, "गुरुजी, पत्र देतो की, कामून देईना? फकस्त वंशवृक्षाची झेरॉक्स लावा." गुरुजींनी त्याला सातवीत कमी मार्क दिल्याची आठवण करून दिली आणि चहा न पिता उठले.

शेजारच्या वीरभद्रप्पांनी सल्ला दिला. हे बस महामंडळातून निवृत्त झालेले, आणि जगातल्या सगळ्या अडचणी गाडी बदलून सुटतात असं त्यांचं म्हणणं. "बहिणीला सोडा की गुरुजी. मेव्हण्याला घ्या. बायकूच्या भावाचा कागद निघतोय सोपा." बसम्माला वाटत होतं की पाचही जणांनी एका रंगाचे कपडे घातले तर कागद बघणारच कोण. गुरुजी दोघांवरही ओरडले. वीरभद्रप्पांवर जरा कमी ओरडले, कारण मेव्हण्याची कल्पना त्यांच्या मनात आधीच येऊन गेली होती.

ती त्यांनी रात्रीचं जेवण वाढताना सुभद्राबाईंना बोलून दाखवली. बाईंनी भाकरी ताटात ठेवली. "ताई न्हाईत तर मी बी येत न्हाई," त्या म्हणाल्या. "आणि तुमी त्या कचेरीकडं कामून फिरकंनाव, ते मला ठावं हाय. तलाठी लिवून घेत होता तवा मी दारात हुभी होते."

गुरुजींनी ताट सरकवलं. राग कुणावर काढावा हे त्यांना कळेना. मुंबईवर काढला, कार्यक्रमावर काढला, परदेशातल्या ज्या कुणी हा खेळ काढला त्याच्या खानदानावर काढला. त्या माणसाच्या देशात म्हणे सगळ्या घराला एकच आडनाव असतं, म्हणून त्याला असले खेळ सुचतात.

इकडं पंचशीला बघत होती की अण्णा रोज उठून कुठं कुठं जातायत, वाळून चाललेत आणि कागद काही मिळत नाही. तिला दया आली. नर्स बाई, कचेरीच्या रांगेला ती काय भिणार? बुधवारी सकाळी डबा घेऊन ती एकटीच गेली, अर्ज भरला, कन्नडमध्ये दोन शब्द गोड बोलली, आणि जगदेवप्पा नावाच्या कारकुनानं जुनं दप्तर काढून तिला शिक्क्यासकट नक्कल दिली. अण्णांचं काम एका दिवसात करून आणलं म्हणून ती खुश होती. तिने तो कागद वाचला बसथांब्यावर, बाकावर बसून.

संध्याकाळी ती आली तेव्हा कार्यक्रम लागलेला होता. तिने चहा घेतला नाही. टीव्ही बंद केला. कागद गुरुजींच्या पुढ्यात ठेवला आणि उभी राहिली. राजश्री आणि रत्नपाल बघतच राहिले.

"हेण्णु मक्कळु, इल्ल," तिने पाठ म्हणल्यासारखं म्हणलं. "मुली, न्हाईत. कन्नड मला बी येतंय, अण्णा. खाली सही कुणाची हाय? चांगलं वळणदार अक्षर हाय. वर्गात फळ्यावर असंच लिवायचाव."

"पंची, तलाठी म्हणला–"

"तलाठ्याला कशाला आणायलाव मदी?" तिचा आवाज चढला. असा चढलेला आवाज त्या घरात कुणी कधी ऐकलेला नव्हता. "बाप जायला लागला तवा दादांना शेवटचं पाणी कुणी पाजलं? पंधरा दिवस रजा टाकून आंथरुणापाशी कोण बसलं? तुमाला शाळा होती. आणि दहावा झाल्यावर मी परत गेले, तर माघारी तुमी मला खोडून मोकळे झालाव. शेत गेलं ते गेलं, पर मीच न्हाई? मी जलमलेच न्हाई?"

गुरुजींनी तो कागद हळूच पालथा घातला.

"आता मी विचारते," पंचशीला म्हणाली. "शंभर लोकांना विचारलं, बाप मेल्यावर वारसात बहिणीचं नाव लिवता का? सांगा अण्णा, पहिल्या नंबरावर काय येतंय?"

"न्हाई लिवत," गुरुजी हळू म्हणाले.

"बघा. एवढे दिवस एक बी उत्तर लोकांसारखं आलं न्हाई तुमचं. आणि हे आलं." तिने पिशवी उचलली. "तुमी लई हसायचाव त्या लोकांना."

ती गेली. दुसऱ्या दिवशी चहाला आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. गिरणीवर विचारपूस करणं तिने सोडलं, असं बसम्मा सांगायची. मुंबईची पोरगी रोज फोन करून तारखेची आठवण करून देत होती आणि गुरुजी पहिल्यांदाच तिच्यावर ओरडत नव्हते. चौथ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि कचेरीत गेले.

जगदेवप्पानं त्यांना ओळखलं नाही, ह्याचाही त्यांना राग आला. नाव वाढवायचा अर्ज त्यानं दिला, त्यात एक रकाना होता, ‘नाव राहून जाण्याचे कारण’.

"तिथं काय लिवू नका," जगदेवप्पा म्हणाला. "शिक्का हाय माझ्याकडं." त्यानं खणातून रबरी शिक्का काढला. ‘नजरचुकीने राहिले.’ वापरून वापरून कडा झिजलेल्या. "समदे ह्येच मारतेत. बहिणीचं नाव वाढवायला जे येतंय, त्येची नजर चुकलेलीच असती."

गुरुजींनी त्या शिक्क्याकडं बघितलं आणि त्यांच्या डोक्यात जी आग पेटली ती पहिल्यांदा बरोबर माणसावर पेटली, म्हणजे स्वतःवरच. त्यांनी पेन काढलं आणि फळ्यावर लिहिल्यासारखं एकेक अक्षर लिहिलं, ‘बहीण आहे हे माहीत असताना मी ती नाही असे लिहिले.’

जगदेवप्पानं ते वाचलं आणि अर्ज परत सरकवला. "गुरुजी, ह्ये चालत न्हाई. ह्यात तुमच्यावर केस व्हईल. शिक्का मारा, सुखानं घरी जावा."

"माझी नजर चांगली हाय," गुरुजी गरजले. सगळी रांग मागं वळून बघायला लागली. "तवा बी चांगली होती. चष्मा बी नव्हता. मला समदं दिसत होतं. त्ये घ्या तसंच."

"साहेब घेणार न्हाईत."

"मग साहेबाला बोलवा. त्यानला बी सांगतो."

साहेब आले, त्यांनी समजावलं, पाणी दिलं, वयाचा मान ठेवून ‘नजरचुकीने’ हाच शब्द पुन्हा सुचवला. गुरुजी हटले नाहीत. चार वेळा अर्ज परत आला, चार वेळा त्यांनी तेच वाक्य लिहिलं. शेवटी साहेबांनी एक जबाब वेगळा लिहून घेतला, त्यावर गुरुजींची सही घेतली, पुढं काय होईल त्याला कचेरी जबाबदार नाही असं बजावलं, आणि पंचनाम्याला माणसं आणायला सांगितलं. पंचशीला ही धोंडिबाचीच मुलगी असं पाच जणांनी येऊन सांगायचं. तिला कळल्यावर ती वीरभद्रप्पांच्या दारात जाऊन म्हणाली, "साठी वलांडल्यावर मी कुणाची लेक हाय ते तुमी सांगणार म्हणं. नीट सांगा." वीरभद्रप्पांनी इतकं नीट सांगितलं की तिचा जन्म स्वतःच्या डोळ्यांदेखत झाला असं लिहून दिलं. प्रत्यक्षात ते तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान.

तीन आठवड्यांनी कागद आला. गुरुजी तो घेऊन बहिणीच्या घरी गेले. दार उघडंच होतं. त्यांनी कागद दिला आणि मुलासारखे उभे राहिले. पंचशीलानं चष्मा लावून तो पहिल्यापासून वाचला. धोंडिबा, त्याखाली दोन फांद्या. तात्याराव. पंचशीला. ती बराच वेळ आपल्या नावावर बोट ठेवून होती.

"चुकलं माझं, पंची," गुरुजी म्हणाले. "लई चुकलं. केस झाली तरी हुंदे. आता तरी चहाला ये. मुंबईला बी जाऊ. तूच कप्तान हो."

तेवढ्यात गुरुजींचा फोन वाजला. मुंबईच होती. शेवटची तारीख, उद्या सकाळी कागद पोचला नाही तर दुसरं घर घेणार. पंचशीलानं फोन त्यांच्या हातून घेतला.

"बाई, कागद मिळालाय," ती म्हणाली. "पाचांतले चौघं मोकळे हाईत, त्यांना इचारा. मला जमणार न्हाई. मला मंठाळला जायचंय, मोजणीवाल्याला घेऊन. माझं शेत हाय तितं, विहिरीजवळ. ते माझं म्हणून मी अजून बघितलं न्हाई."

फोन तिने परत दिला, वंशवृक्षाची घडी घालून पिशवीत ठेवली, आणि पायात चपला सरकवता सरकवता भावाला विचारलं, "मोजणीचा अर्ज कुठल्या खिडकीवर मिळतोय, अण्णा? चला, दाखवा."